चौकड्यांची टोपी

संध्याकाळी बाहेर काटेरी हेजहॉगसाठी खाऊची बशी ठेवताना मर्टलने मागचं दार उघडं टाकलं आणि तिची पाळलेली उंदरीण टिली बागेत पळाली. शेजारच्या क्लिफर्डने कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उंदरांसाठी सापळे लावले होते. मर्टल अंधार पडेपर्यंत बिस्किटांचा डबा खुळखुळवत हिंडली. त्या आवाजाला टिली हमखास धावत यायची. आला फक्त हेजहॉग. उजाडताच क्लिफर्ड कुंपणाशी आला. त्याने चौकड्यांची टोपी उलटी करून दोन्ही हातांत धरली होती. मर्टलने विचारलं, "सापळ्यात?" "छे! बाईसाहेब माझ्या कोटाच्या बाहीत शिरल्या होत्या. लाडावून ठेवलीय तुम्ही!" टोपीत टिली गाढ झोपली होती. मर्टलचे डोळे भरून आले. तिने हात पुढे केले, तसा क्लिफर्ड कुजबुजला, "हळू! लहानपणी माझ्याही बाहीत एक उंदरीण असायची. टोपीसकट घ्या, नाहीतर झोप मोडेल." बोडक्या डोक्यानेच तो सापळे उचलायला निघाला.