पोटातलं माप

माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून घेतं, हे शिंपीमास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून टेपवर दिसेल त्यात दोन इंच वाढवूनच ते कमरेचा आकडा आत सांगत. आत कापड बेतायला नुकतीच त्यांची बायको बसू लागली होती. तिलाही गिऱ्हाइकांची ही खोड माहीत होती. आपला नवरा पडला भिडस्त, तो कसला वाढवतोय, असं समजून तीही त्या आकड्यात आपले दोन इंच घालायची. दोघांनीही गोष्ट आपापल्या पोटात ठेवलेली.

पोस्टातल्या बाई नवा ड्रेस घालून दुकानात शिरल्या, तेव्हा तो कमरेला इतका ढगळ होता की त्यांनी मुठीत धरला होता.

"मी दोन वाढवले होते," मास्तर पुटपुटले.

"अगंबाई, मीपण!" बायको म्हणाली. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी ती मूठ मास्तरांपुढे नाचवली. "पाहिलंत? रोज चालायला जाते, त्याचा हा गुण! अजून एक ड्रेस शिवायचाय. आणि या वेळी मी पोट आत घेणार नाही हं. आता गरजच काय?"

मास्तरांनी माप घेतलं. बाईंची पाठ वळताच बायको कुजबुजली, "अहो, या वेळी माप खरं आलंय. मग वाढवायचं कोणी, तुम्ही की मी?"

"दोघांनीही," मास्तर म्हणाले. "बाईंना अजून बारीक व्हायचंय."