एकही दिवस न चुकवता

शिवणकाम करणाऱ्या मावशींना काचबिंदू होता. थेंब घातले की डोळे चुरचुरायचे, सुईत दोरा ओवता यायचा नाही. म्हणून त्या तपासणीआधीचे तीनच दिवस थेंब घालायच्या. डोळ्यांचा दाब अगदी हवा तेवढा भरायचा आणि डॉक्टर खूश व्हायचे.

एकदा डॉक्टरांनी काचबिंदू निघाल्याने घाबरलेल्या एका बसड्रायव्हरला त्यांच्याकडेच धाडलं. "यांच्याकडून शिका."

"एकही दिवस चुकवू नका बरं का, भाऊ," मावशींनी तोंड वर करून सांगितलं. त्याने ते मनावर घेतलं.

सहा वर्षांनी तो दवाखान्यात त्यांच्या शेजारी येऊन बसला. "मावशी, तुमच्या शब्दामुळे माझी नजर वाचली. अजून गाडी चालवतोय."


मावशींनी आवाजाच्या रोखाने चाचपडत हात पुढे केला. "कोण बोलतंय?"