खिळे की गोंद

तारनाक्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जमिनीवर सागवानी फळ्या कशा बसवायच्या, यावरून सकाळपासून वाद पेटला होता. सुतार सलीमभाईंनी हॉलमध्ये खाटेएवढे दोन नमुने करून ठेवले होते. एक थेट सिमेंटवर गोंदाने चिकटवलेला, दुसरा लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेला.

"कीले नक्को मॅडम," सलीमभाई म्हणाले. "नीचे खोखला रैता, चले तो धडधड होता."

"ऐकलंस?" युवराज बायकोला म्हणाला. "आपल्याला घर हवंय, नाटकाचं स्टेज नको."

"मला खिळेच हवेत," शिल्पा म्हणाली.

"खालचे राव अंकल रोज भांडायला येतील! कारण तरी सांग."

कारण! शिल्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर ती तेच सांगत होती, आणि वर्षभर तो विषय बदलत होता. तिने दोन वर्षांच्या रेवाला चिकटवलेल्या फळ्यांच्या टोकाला पाठमोरं बसवलं, दुसऱ्या टोकाला उभी राहून जीव खाऊन हाक मारली, पायही आपटला. सलीमभाई दचकले. रेवा बाहुलीचे केस विंचरत राहिली.

मग तिने लेकीला उचलून खिळ्यांच्या फळ्यांवर बसवलं, पुन्हा मागे गेली आणि तोंडातून शब्द न काढता टाच आपटली.

रेवा गर्रकन वळली आणि आईकडे बघून खुदकन हसली.

"राव अंकलच्या मी पाया पडेन, युवराज," शिल्पा म्हणाली. "पण मला माझ्या लेकीला हाक मारता आली पाहिजे."