एकच ओळ मावणारं यंत्र

या, असे जवळ बसा, एक गोष्ट सांगतो.

कीर्तनकार दिगंबरबुवांची स्मृती गेली होती. त्यांच्या कानामागचं यंत्र रोज सकाळी विचारी, "आज काय ध्यानात ठेवू?" आणि उत्तराची वाट पाही. त्यात दिवसाला एकच ओळ मावे. नवी घातली की जुनी पुसली जाई. पत्नी मथुराबाई रोज आपलं नाव सांगत.

रामजन्माच्या कीर्तनादिवशी मात्र मथुराबाईंनी नावाऐवजी अभंगाची पहिली ओळ सांगितली.

"आई, आज बाबा तुला ओळखणार नाहीत," मुलगी म्हणाली.

"म्हणून काय माहेरी जाऊ? पुढचं त्यांचा गळा जाणतो."

भर दुपारी बुवा अख्खा अभंग रंगून गायले. मथुराबाईंच्या कपाळी बुक्का लावताना त्यांनी विचारलं, "माउली, कुठून आलात?"

"इथलीच आहे, बुवा."

तो अभंग ऐकाल तेव्हा मथुराबाईंची आठवण ठेवा.