डिसेंबरची घाई

"काका, पाहुणे पक्षी मार्चमध्येच परत जातात. मे महिन्यात कशाला आलात?" पक्षी अभयारण्यातला गाईड हसला. माझ्या गळ्यात बायकोची दुर्बीण होती. तिला जिथे यायचं होतं, तिथे ती वारल्यावर पहिल्यांदाच आलो होतो.

दर डिसेंबरला ती म्हणायची, "अहो, आत्ताच जाऊ या पक्षी बघायला." मी म्हणायचो, "घाई कसली? मे महिन्यात सुट्टी काढू." मग तिला वाघाच्या जंगलात न्यायचो. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर दिसतो. अकरा वर्षं ती जीपमधून झाडांचे शेंडे बघत राहिली. तिला घाई का असते, मी कधी विचारलं नाही.

"थंडीत या, काकूंनाही आणा," गाईड म्हणाला.

मी तिकीट काढलं, मनोऱ्यावर चढलो आणि दुर्बिणीतून भेगाळलेला चिखल बघत बसलो.