मांडीवरची डिस्क

या मंडळी, अगदी जवळ सरकून बसा. देवाशपथ सांगतो, ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

दादाला जाऊन वर्ष झालं. त्याने गायलेली देवाची गाणी फक्त त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि त्याचीच डिस्क मेली. मी दुरुस्तीवाला. नवी डिस्क बसवली, पण मशीन सुरूच होईना.

"लोकांचे कॉम्प्युटर पाच मिनिटांत लावता, आणि घरचाच अडतो होय?" वहिनी म्हणाली. जुनी डिस्क तिने तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली होती.

मी केबल घट्ट केली. मग मशीनने कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती यादी उघडली. आत एकच डिस्क, आणि यादीत नावं दोन! पहिलं नाव जुन्या डिस्कचं.

"भाऊजी, तीच निवडा!"

"अहो, ती तुमच्या मांडीवर आहे. तिला वायरसुद्धा जोडलेली नाही."

"निवडा म्हणते ना!"

मी बटण दाबलं. वहिनीच्या मांडीवर डिस्क घुं घुं करत फिरू लागली, आणि स्पीकरमधून दादा गाऊ लागला. तोच खणखणीत आवाज! आम्ही रडतो काय, हसतो काय, टाळ्या वाजवून ताल धरतो काय!

गाणं मध्येच थांबलं. दादा खाकरला.

"टाळ्या कोण वाजवतंय?"

मंडळी, माझ्या दादाची आठवण ठेवा हो.