इरिनाआजींचं घर

“ते काढ गो,” इरिनाआजी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवत म्हणाल्या. “तिथं काही नव्हतं. नुसती खिळ्यांची भोकं.”

पद्मजाने लगेच पक्कड मागवली. ज्यूंच्या घराच्या चौकटीवर तिरकी डबी ठोकलेली असते, आत प्रार्थनेचा कागद. ती तिने हौसेने घडवून घेतली होती. पण मारेकऱ्यांनी तीही उपटून नेली असणार, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? तिने मनातल्या मनात स्वतःला टपली मारली आणि डबी उतरवली.

गोरेगावच्या स्टुडिओत तिने अख्खी गल्ली उभी केली होती. पूर्व युरोपातल्या एका शहरातली ज्यूंची वस्ती. महायुद्धात एका सकाळी तिथल्या माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, नदीवर नेऊन गोळ्या घातल्या होत्या. कला दिग्दर्शक म्हणून पद्मजाचा हा पहिलाच स्वतंत्र सिनेमा. फोटो बघून बांधलेलं घर खोटं वाटतं, हे दिग्दर्शक यज्ञेशचं पालुपद. आज घर खरं वाटलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. पद्मजा मात्र बिनधास्त होती. त्या गल्लीत वाढलेली बाई तिला मुलुंडमध्येच सापडली होती.

मालवणचे नंदकिशोर सामंत इंजिनिअरिंग शिकायला तिकडे गेले आणि येताना इरिनाला लग्न करून घेऊन आले. त्याला साठ वर्षं होत आली. आता नव्वदीतल्या आजी फक्कड सोलकढी करतात आणि मालवणी हेल काढून बोलतात. त्या सकाळबद्दल पद्मजाने त्यांना काहीच विचारलं नव्हतं. सामंतांकडेही कुणी कधी विषय काढत नसे. जुनी खपली कशाला काढायची, एवढी समज तिला होती.

आजी घरात शिरल्या आणि भराभर सांगू लागल्या. पद्मजा हरखून गेली. टेबलावर पाच ताटल्या हव्यात, एकीत अर्धवट खाल्लेला पाव. चूल विझलेली चालेल, पण राख कोमट हवी. पलंगाखाली लहान मुलीचे बूट हवेत. ते फार चावायचे, तरी आपण वर्षभर तेच घातले, असं आजी म्हणाल्या. लढाईच्या दिवसांत पोरीला नवे बूट कुठून मिळणार, या विचाराने पद्मजाला गलबलून आलं.

कोपऱ्यात कॅमेरा लावून बसलेल्या यज्ञेशने तिच्याकडे बघून मान डोलावली. काम आता तिच्याकडून जात नव्हतं.

स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं. तिथे पद्मजाची एक खास पद्धत होती. घरच्या बाईचा हात न बघता जिथे जातो, तिथे आधी मीठ ठेवायचं. मग बाकीची भांडी आपोआप जागेवर बसतात. ती बरणी घेऊन फळीपाशी उभी राहिली.

“आजी, तुमची आई मीठ कुठे ठेवायची?”

आजींनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

“बरं झालं विचारलंस,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी आईला मीठ सापडेच ना गो. सगळे डबे उघडून बघितले. आणि विचारणार कुणाला? ज्यांचं घर, त्यांना सकाळीच नदीवर नेलं होतं.”